ज्याच्या आवाजावर अख्खं इंग्लंड हसायचं, त्या केनेथ विल्यम्सला घरी पाहुणाच नको असायचा

रात्रीचे साडेनऊ. जेवणं चाललीयेत आणि टीव्हीवर कॉमेडी शो लागलाय. साडी नेसलेला एक पुरुष कलाकार स्टेजवर येतो. त्यानं अजून तोंडही उघडलेलं नाही, तरी हशा सुरू. मागून दुसरा येतो, मनगट सैल सोडून, एकेक शब्द लांबवत. परत हशा. तिसरा पंच बायकोच्या वजनावर.

'कल हो ना हो'मधली कांताबेन दचकली की आमच्या घरीही सगळे असेच हसायचे. मीही हसायचो. पुढे कॉलेजात ग्रुपमधल्या एका मित्रानं सांगितलं की, त्या सीनला त्यांच्या घरात सगळ्यात मोठ्यानं तोच हसायचा. कारण न हसणं त्याला परवडणारं नव्हतं. कोणाला संशय आला असता तर?

बायकांवरचे आणि गे माणसांवरचे जोक विनोदी की अपमानकारक, हा वाद सोशल मीडियावर दर आठवड्याला पेटतो. एक बाजू म्हणते हसा आणि विसरा, दुसरी म्हणते हे आता बंद करा. दोन दिवसांनी नवीन क्लिप येते आणि तेच भांडण नव्यानं सुरू होतं. या वादात दोन्ही बाजूंना आपला साक्षीदार म्हणून उभा करता येईल असा एक माणूस ब्रिटनमध्ये होऊन गेला. त्याचं नाव केनेथ विल्यम्स.

आपल्याकडे मिस्टर बीन घराघरात पोहोचला, केनेथ तेवढा पोहोचला नाही. ब्रिटनमध्ये मात्र साठ-सत्तरच्या दशकात हे नाव आणि त्याहून जास्त हा आवाज माहीत नसलेलं घर सापडणं अवघड होतं. नाकातून निघणारा, मध्येच उंच चढणारा, मध्येच राजघराण्यातला वाटावा असा तोरा दाखवून लगेच गल्लीतल्या भांडखोर बाईसारखा कर्कश होणारा आवाज. तो स्वतः गे होता. आणि आयुष्यभर त्यानं ज्या गोष्टीवर लोकांना हसवलं, तिच्यासाठी त्या काळात तुरुंगवास होता.

तर सुरुवातीपासून बघू.

केनेथचा जन्म २२ फेब्रुवारी १९२६ चा, लंडनच्या किंग्स क्रॉस भागातला. घर कामगारवर्गातलं. वडील चार्ली केशकर्तनाचा धंदा करायचे. मार्चमोंट स्ट्रीटवर त्यांचं सलून होतं आणि वरच्या मजल्यावर कुटुंब राहायचं. आई लुईझा, घरातली 'लुई', गप्पिष्ट आणि हसरी. वडील बरोबर उलटे. मेथडिस्ट पंथाचे, कडक. नाटकबिटक त्यांना नको आणि पुरुषानं बायकी वागणं तर अजिबातच नको. आता अशा घरात जन्मलेला पोरगा सगळ्यांच्या नकला करतो, आवाज काढतो, शाळेच्या नाटकात भाव खाऊन जातो. बापलेकाचं जमणार कसं? ते शेवटपर्यंत जमलं नाही.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून केनेथला नकाशे काढायच्या कामावर शिकाऊ म्हणून लावलं. हे काम त्याला आवडलं, ही गंमत. सुबक अक्षर काढायचा नाद त्याला तिथूनच लागला आणि तो आयुष्यभर टिकला. पुढे त्याच्या डायऱ्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना मजकुराइतकंच त्यातलं देखणं अक्षर लक्षात राहिलं.

१८ वर्षांचा झाल्यावर १९४४ मध्ये तो सैन्यात गेला. दुसरं महायुद्ध चालू होतं. नकाशे येतात म्हणून रॉयल इंजिनिअर्सच्या सर्व्हे विभागात भरती झाली आणि पोस्टिंग पूर्वेकडे. युद्ध संपल्यावर सैनिकांच्या करमणुकीसाठी सैन्यानंच नाटक मंडळी काढली होती, तिच्यात सिंगापूरला त्याचा नंबर लागला. त्या तुकडीत त्याच्यासोबत कोण होतं बघा. पुढे ऑस्कर जिंकणारा दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर, नाटककार पीटर निकोल्स आणि विनोदी नट स्टॅन्ली बॅक्स्टर. सैनिकांसमोर बायकी सोंगं काढायची, बराकी हसवायच्या, हे या मंडळींचं रोजचं काम. ज्या गोष्टीवर वडील घरी संतापायचे, तिच्यावर शेकडो जवान टाळ्या वाजवतायत, हे केनेथनं तिथे पहिल्यांदा पाहिलं.

परत आल्यावर काही वर्षं गावोगावच्या नाटक कंपन्यांत काढली. त्याला व्हायचं होतं गंभीर नट. १९५४ मध्ये बर्नार्ड शॉच्या 'सेंट जोन'मध्ये त्यानं राजपुत्र डॉफिनची भूमिका केली. ती बघून बीबीसीच्या एका निर्मात्यानं त्याला रेडिओवर बोलावलं, 'हॅन्कॉक्स हाफ अवर' या कॉमेडी शोसाठी. त्याचा तो खवचट, नाकातला आवाज तिथे इतका चालला की मुख्य नट टोनी हॅन्कॉकच अस्वस्थ झाला. एका आवाजावर हशा मिळवणं हॅन्कॉकला स्वस्त वाटायचं. केनेथचं काम कमी होत गेलं आणि १९५९ मध्ये तो बाहेर पडला. गंभीर नट व्हायचं मात्र राहून गेलं. लोकांना तो आवाजच हवा होता.

इथे जरा थांबून त्या काळचा कायदा समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढची गोष्ट नीट कळणार नाही.

इंग्लंडमध्ये १८८५ च्या एका कायद्यानं दोन पुरुषांमधला कुठल्याही प्रकारचा लैंगिक संबंध गुन्हा ठरवला होता, अगदी चार भिंतींच्या आत असला तरी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. ऑस्कर वाइल्डला याच कायद्याखाली तुरुंगात जावं लागलं. १९५२ मध्ये अॅलन ट्युरिंगला याच आरोपात दोषी ठरवलं गेलं. हा तोच गणितज्ञ, ज्याच्या कामानं महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला मदत झाली होती. १९५३ मध्ये जॉन गिलगुड या नामवंत नटाला पोलिसांनी पकडलं आणि त्याचं नाव पेपरात छापून आलं. ब्लॅकमेल हा तर धंदाच झाला होता. भारतात ३७७ कलम आणलं तेही इंग्रजांनीच, १८६० च्या दंडसंहितेतून. म्हणजे भीती एकच होती, फक्त तिथली आणि इथली.

अशा वातावरणात मार्च १९६५ मध्ये बीबीसी रेडिओवर 'राउंड द हॉर्न' हा कार्यक्रम सुरू झाला. वेळ रविवारी दुपारची. म्हणजे घरी मटण शिजतंय, आजी-आजोबांपासून पोराटोरांपर्यंत सगळे जेवायला बसलेत आणि रेडिओ चालू आहे, असा मामला. श्रोते दीड कोटीपर्यंत असल्याचं सांगितलं जातं. सूत्रधार केनेथ हॉर्न, टक्कल पडलेला, सभ्य, मध्यमवयीन गृहस्थ. दर भागात हा गृहस्थ कुठल्यातरी नव्या दुकानात नाहीतर ऑफिसात शिरायचा आणि तिथे त्याला भेटायचे ज्युलियन आणि सँडी. दोघं काम नसलेले नट, पोटासाठी दर आठवड्याला नवा धंदा काढणारे. सँडी म्हणजे आपला केनेथ विल्यम्स, ज्युलियन म्हणजे ह्यू पॅडिक. दोघंही खऱ्या आयुष्यात गे. लिहिणारे बॅरी टूक आणि मार्टी फेल्डमन मात्र दोघंही लग्न झालेले, बायकोच्या संसारातले.

या जोडीचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांची भाषा. लहानपणी तुम्ही 'च'ची भाषा बोलला असाल. मोठ्यांना कळू नये म्हणून प्रत्येक शब्दाची मोडतोड करायची. लंडनच्या गे लोकांमध्ये, खलाशांमध्ये, जत्रा-सर्कस आणि नाटकवाल्यांमध्ये अशीच एक बोली चालायची, 'पोलारी'. चांगल्याला 'बोना', बघण्याला 'वाडा', पुरुषाला 'ओमी'. केसांसाठीचा शब्द तर सरळ इंग्रजी शब्द उलटा करून बनवलेला. आपल्याकडच्या हिजरा समाजाचीही स्वतःची वेगळी बोली आहे, आणि कारणही तेच. साध्या वेशातला पोलीस शेजारी बसला असेल तर त्याला कळता कामा नये.

ज्युलियन आणि सँडी ही बोली दर रविवारी राष्ट्रीय रेडिओवर बोलत होते. जेवणाच्या टेबलावरच्या आजीला वाटायचं, दोन चावट नटवे काहीतरी बडबडतायत. ज्यांना भाषा येत होती त्यांना कळायचं की हे आपलेच आहेत आणि इतक्या लोकांसमोर बिनधास्त बोलतायत. एका भागात ही जोडी वकील बनली होती. तिथे सगळी गंमत 'प्रॅक्टिस' या शब्दावर होती. फौजदारी प्रॅक्टिसमध्येच आमचा बराच वेळ जातो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. ऐकणाऱ्याला वाटावं वकिली, आणि खरा अर्थ असा की आमचं नेहमीचं जगणंच या देशात फौजदारी गुन्हा आहे. देश हसला. त्या विनोदात कायद्याचीच टिंगल होती हे किती जणांच्या लक्षात आलं असेल, कोण जाणे.

माझ्या मते ही जोडी आजही चालते, आणि त्याचं मोठं श्रेय हॉर्न या सभ्य गृहस्थाला जातं. तो या दोघांना कधी झिडकारत नाही, घाबरत नाही, किळस दाखवत नाही. उलट त्यांची भाषा त्याला जरा जास्तच कळते, असं मधूनमधून जाणवतं. ते दोघं दर आठवड्याला खुशीत असतात. १९६१ च्या 'व्हिक्टिम' सिनेमात गे माणसं होती ती ब्लॅकमेलनं गांजलेली. तो सिनेमा महत्त्वाचाच होता, पण त्यात दुःख सोडून दुसरं काही नव्हतं. ज्युलियन-सँडीला शेवटी शिक्षा होत नव्हती. आमचे जोक नकोत असं म्हणणारे संस्कृतिरक्षक तेव्हाही होते आणि बीबीसीकडे तक्रारी जायच्या. कार्यक्रम चालूच राहिला.

दुसरी बाजूही आहे. गे माणूस म्हणजे लचकत बोलणारा नटवा, हे चित्र याच जोडीनं कोट्यवधी घरांत पक्कं बसवलं. खाणीत काम करणारा, बँकेत बसणारा, गावात शेती करणारा गे माणूस त्या रेडिओवर कुठेच नव्हता.

आता याच माणसाचं दुसरं काम बघा. तिथे गणित पार बदलतं.

१९५८ मध्ये 'कॅरी ऑन' नावाची सिनेमांची मालिका सुरू झाली. निर्माता पीटर रॉजर्स, दिग्दर्शक जेराल्ड थॉमस. बजेट कमी, शूटिंग काही आठवड्यांत उरकायचं आणि विनोद सगळा द्व्यर्थी. द्व्यर्थी म्हटलं की आपल्याला दादा कोंडके आठवतात, तिकडे 'कॅरी ऑन' आठवतं. एकूण ३१ सिनेमे निघाले, त्यातल्या २६ मध्ये केनेथ. इतके दुसऱ्या कोणाच्याच नावावर नाहीत. हॉस्पिटल, पोलीस ठाणं, क्लिओपात्राचा राजवाडा, ब्रिटिश फौजेचा खैबरखिंडीतला तळ, जागा कुठलीही असो, केनेथ नाकपुड्या फुगवून, डोळे वटारून कोणाचा तरी अपमान करत असायचा. हे सिनेमे नंतर टीव्हीवर इतक्यांदा लागले की पुढच्या पिढ्यांनी ते तिथेच पाठ केले.

यात बायकांच्या वाट्याला काय होतं? ढोबळ दोन प्रकार. एक, तरुण आणि गोरीगोमटी, जिचे कपडे कधी ना कधी निसटणार. दुसरा, जाड आणि वयानं मोठी, जिला पुरुषाची हाव आहे म्हणून हसायचं. हॅटी जॅक्स ही ताकदीची नटी. तिला 'मेट्रन' म्हणून केनेथच्या मागे धावायला लावलं. तिचं प्रेम हाच जोक, कारण ती जाड. हा जोक आपल्याकडच्या कुठल्या शोमध्ये बघितलाय, ते तुम्हीच आठवा.

सगळ्यात गाजलेला सीन 'कॅरी ऑन कॅम्पिंग'मधला, १९६९ चा. मुली मैदानात व्यायाम करतायत, समोर केनेथ त्यांचा शिक्षक. बार्बरा विंडसर हात ताणते आणि तिच्या बिकिनीचा वरचा भाग उडून थेट केनेथच्या तोंडावर येतो. सिनेमा उन्हाळी सुट्टीचा, पण शूटिंग झालं १९६८ च्या थंडीच्या तोंडावर. मैदानात चिखल होता म्हणून तो हिरवा रंगवला होता. बार्बरा ३१ वर्षांची होती आणि भूमिका विद्यार्थिनीची. मासे पकडायच्या गळाची दोरी तिच्या कपड्याला बांधून बाजूनं एक माणूस ती खेचत होता. नट-नटी थंडीनं कुडकुडत होते. त्या वर्षी इंग्लंडच्या तिकीटबारीवर हा सिनेमा सगळ्यात पुढे होता.

आणि पैसे? केनेथसारख्या मुख्य पुरुष नटाला एका सिनेमाचे ५,००० पौंड. जोन सिम्स, बार्बरा विंडसर, हॅटी जॅक्स यांना २,५००. बरोबर निम्मे. जोन सिम्सनं २४ 'कॅरी ऑन' केले, म्हणजे केनेथपेक्षा दोनच कमी. टीव्हीवर हे सिनेमे हजार वेळा लागले तरी त्याचा एक पैसा ना बायकांना मिळाला, ना केनेथला. जोक कोणावर होता हे शोधायचं असेल तर पगारपत्रक बघावं, असं मला हा आकडा वाचल्यापासून वाटतं. स्क्रीनवर बाई म्हणजे निसटणारा कपडा, आणि ऑफिसातही तिची किंमत अर्धीच लावली गेली. केनेथला या स्क्रिप्ट भिकार वाटायच्या आणि डायरीत तो तसं वारंवार लिहायचा. पुढचा सिनेमा आला की परत सही करायचा. निम्म्या पगाराबद्दल त्यानं कधी जाहीर भांडण केल्याचं काही वाचनात आलेलं नाही. स्वतःवर झालेला अन्याय कळणाऱ्याला दुसऱ्यावरचाही कळतोच, असं नसतं.

२७ जुलै १९६७ ला कायदा बदलला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांवरच्या दोन पुरुषांनी खासगीत ठेवलेले संबंध गुन्हा राहिले नाहीत. स्कॉटलंडला त्यासाठी १९८० पर्यंत आणि उत्तर आयर्लंडला १९८२ पर्यंत थांबावं लागलं. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

केनेथसाठी तो उन्हाळा वेगळ्याच कारणानं काळा ठरला. नाटककार जो ऑर्टन त्याचा जवळचा मित्र. ऑर्टनही गे, पण केनेथच्या अगदी विरुद्ध. बिनधास्त, कशाचीही लाज नसलेला. त्यानं 'लूट' नाटकातला इन्स्पेक्टर केनेथसाठी लिहिला होता. १९६५ मध्ये ते नाटक दौऱ्यावर आपटलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच नटसंचात गाजलं, हे केनेथला लागलं असणार. कायदा बदलून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ९ ऑगस्टला ऑर्टनचा त्याच्याच जोडीदारानं खून केला आणि मग स्वतःला संपवलं. मोकळं जगू पाहणारा मित्र असा गेला.

१९६९ च्या फेब्रुवारीत एका पुरस्कार सोहळ्यात स्टेजवरच केनेथ हॉर्न कोसळले आणि गेले. 'राउंड द हॉर्न'चा विषय तिथेच संपला. पोलारीही त्यानंतर विरत गेली. रेडिओनं ती सगळ्यांना कळवली होती आणि कायदा बदलल्यावर लपवायची गरजही कमी झाली होती.

सत्तरच्या दशकात टीव्ही घराघरात आला आणि लचकणाऱ्या पुरुषांचा विनोद त्याच्यासोबत आला. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' या मालिकेत जॉन इन्मन कपड्याच्या दुकानातला असाच सेल्समन करायचा आणि प्रचंड लोकप्रिय होता. पण आता समोर नवी पिढी होती. गे हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी इन्मनच्या भूमिकेवर जाहीर टीका केली. त्यांचा मुद्दा असा की, शाळेत पोरं याच लकबी करून आमच्यासारख्या मुलांना छळतात. इन्मनच्या बाजूनं बोलणारे म्हणायचे की, तो निदान दिसतो तरी. आज कमेंट सेक्शनमध्ये चालतो तो वाद शब्दशः नसला तरी मुद्द्यानं हाच.

केनेथ या वादात कुठल्याच बाजूला उभा राहिला नाही. तो मायकेल पार्किन्सनच्या टॉक शोमध्ये वारंवार यायचा, धमाल किस्से सांगायचा, आणि लग्नाचा विषय निघाला की आपण ब्रह्मचारी आहोत असं सांगून मोकळा व्हायचा. आपण गे आहोत हे त्यानं जाहीरपणे कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, असंही म्हणता येईल. सगळ्या देशाला ते माहीत होतं आणि सगळा देश त्यावर हसत होता. मात्र हसणाऱ्यांनी कधी त्याला जोडीदार आहे का, हे गंभीरपणे विचारलं नाही.

'नटरंग' आठवतोय? गुणा कागलकर फडावर नाच्या होतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात, आणि फडाबाहेर त्याच लोकांसाठी तो पुरुषच उरत नाही. केनेथवर कोणी हात टाकला नाही. त्याचं जे झालं ते शांतपणे, दार बंद करून झालं.

तो लंडनमध्ये छोट्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. स्वच्छतेचं वेड इतकं की शेगडीसुद्धा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेली. पाहुणे नकोतच, आणि चुकून कोणी आलंच तर त्यांनी इथलं टॉयलेट वापरायचं नाही, हा नियम. शेवटची वर्षं आई शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायची. तिला तो रेकॉर्डिंगला सोबत न्यायचा, सुट्टीला न्यायचा. जोन सिम्सला त्यानं एकदा लग्नाबद्दल विचारलं होतं. शरीरसंबंध वगैरे काही नाही, फक्त सोबत. तिनं नकार दिला. ती पण शेवटपर्यंत एकटीच राहिली.

बाकी सगळं तो डायरीला सांगायचा. चाळीसहून जास्त वर्षं, जवळपास रोज. कोणाचं काम फालतू झालं, कोणी अपमान केला, पाठ किती दुखतेय, पोटाचं काय. शरीराच्या इच्छांबद्दल लिहायचं तर डायरीतही सांकेतिक शब्द. कायदा बदलून वीस वर्षं झाली तरी स्वतःच्याच वहीत तो उघड लिहीत नव्हता.

लोकांसमोर मात्र तो शेवटपर्यंत तोच राहिला. 'जस्ट अ मिनिट' या रेडिओवरच्या खेळात तो १९६८ पासून अखेरपर्यंत होता. न अडखळता, एकही शब्द परत न वापरता, विषय न सोडता साठ सेकंद बोलायचं. केनेथ हरायला लागला की परीक्षकावर ओरडायचा, रुसायचा, प्रेक्षकांना आपल्या बाजूला वळवायचा. याच खेळाचे दोन भाग २०१२ मध्ये मुंबईत रेकॉर्ड झाले, आपल्या सायरस ब्रोचाला घेऊन. केनेथला जाऊन तेव्हा २४ वर्षं झाली होती.

१५ एप्रिल १९८८ ला सकाळी तो फ्लॅटमध्ये मृतावस्थेत सापडला. वय ६२. अल्सर आणि पाठदुखीनं तो बेजार होता. औषधांचा डोस जास्त झाला होता. चौकशीत निकाल 'ओपन' राहिला, म्हणजे अपघात की आत्महत्या हे ठरवता आलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'कॅरी ऑन'मधला दुसरा बायकी नट चार्ल्स हॉट्रीही गेला, एकटा आणि दारूनं पोखरलेला.

१९९३ मध्ये डायऱ्यांतला निवडक भाग पुस्तक म्हणून आला आणि ब्रिटनला धक्का बसला. इतका हसवणारा माणूस इतका कडू आणि इतका एकटा होता, हे बऱ्याच जणांना पचलं नाही. २००६ मध्ये बीबीसीनं त्याच्यावर 'फँटॅब्युलोसा' नावाची टेलिफिल्म केली. नाव पोलारीतलंच. मायकेल शीननं त्यात केनेथ उभा केला.

लंडनमध्ये आता त्याच्या नावाच्या दोन निळ्या पाट्या आहेत. एक २००९ मध्ये मार्चमोंट स्ट्रीटवर लागली, वडिलांचं सलून होतं त्या इमारतीवर. तिथेच त्या पोरानं बायकी वागू नये म्हणून बोलणी खाल्ली होती. दुसरी २०१४ मध्ये, त्याच्या वाढदिवशी, मॅरिलबोन रोडजवळच्या त्याच्या जुन्या फ्लॅटवर. 'कॅम्पिंग'चं शूटिंग झालं तेव्हा तो तिथेच राहत होता. त्या पाटीवरचा पडदा सरकवायला बोलावलं होतं बार्बरा विंडसरला. ती तेव्हा ७६ वर्षांची होती. तिला जिथे तिथे लोक विचारायचे ते त्या बिकिनीच्या सीनबद्दलच.